वीज किती आणि वीज कशी

आपल्याकडे विजेच्या बाबतीत दोनच क्रियापदे चलनात आहेत, आली आणि गेली. शेजारी गच्चीवरून "लाइट आली का हो?" असे विचारतात, आपण "नाही, तुमच्याकडे?" असे ओरडून विचारतो. आली की सगळे आपापल्या कामाला लागतात. ती कशी आली आहे, हे कोणी विचारत नाही. दुधाच्या बाबतीत मात्र आपण असे वागत नाही. गावातल्या दूध संकलन केंद्रावर लिटर मोजतात तसे फॅटही मोजतात आणि दोन्ही पाहून दर ठरतो. कॅनमध्ये किती आहे आणि कॅनमध्ये काय आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत हे तिथे कोणाला शिकवावे लागत नाही. विजेच्या मीटरवर मात्र नुसते लिटर असतात. किती युनिटे जळली एवढेच तो सांगतो.

मी जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. विजेचे शास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण माझा एक पुतण्या मोठ्या इमारतींमधल्या, म्हणजे ऑफिसे, मॉल, रुग्णालये अशा ठिकाणच्या विजेची प्रत तपासण्याचे काम करतो. मुख्य पॅनेलपाशी पेटीएवढे एक यंत्र जोडायचे, ते आठ-दहा दिवस तिथेच ठेवायचे आणि मग त्याने काय काय टिपले ते वाचत बसायचे, असे त्याच्या कामाचे स्वरूप. त्याच्याकडून ऐकता ऐकता मला या विषयाचा इतिहास वाचायची गोडी लागली. वाचताना असे लक्षात आले की यात यंत्रे आहेतच, पण मुळात ही साक्षीपुराव्याची हकीकत आहे. काही बिघडले तर दोष कोणाचा, हे ठरवायला माणसाने साक्षीदार कसा उभा केला आणि त्या साक्षीदाराला नीट प्रश्न विचारायला तो किती उशिरा शिकला, याची ही गोष्ट.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागते. ४ सप्टेंबर १८८२ या दिवशी एडिसनच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजघरातून शहराच्या व्यापारी भागाला वीज मिळू लागली. त्या संध्याकाळी जिथे दिवे लागले त्यांत वॉल स्ट्रीटवरची ड्रेक्सेल, मॉर्गन ही पेढी होती आणि न्यूयॉर्क टाइम्सची कचेरीही होती. म्हणजे विजेचे पहिले गिऱ्हाईक घरगुती कमी आणि व्यापारी जास्त होते. माल विकायचा तर तो मोजायला हवा. त्यासाठी एडिसनने जो मीटर केला तो पाहिला तर आज हसू येईल. एका पेटीत काचेची बरणी, बरणीत झिंक सल्फेटचे पाणी आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या. गिऱ्हाइकाच्या विजेचा एक ठरावीक लहानसा वाटा या बरणीतून जाई आणि तो जाताना एका पट्टीवरचे जस्त सुटून दुसरीवर बसे. महिन्याने कंपनीचा माणूस येऊन पट्ट्या काढून नेई, त्या नाजूक तराजूत तोलल्या जात आणि वजनातल्या फरकावरून बिल निघे. थंडीत पाणी गोठू नये म्हणून पेटीत एक छोटा दिवाही ठेवलेला असे. थोडक्यात, पहिले वीजबिल सोनाराच्या काट्यावर निघाले. गिऱ्हाइकाला मात्र त्यातले काहीच दिसत नसे. त्याने कंपनीच्या तराजूवर विश्वास ठेवायचा.

वीज कशी आहे हेही एडिसनची माणसे पाहत होती, पण ते वीजघरात. व्होल्टेज ठरलेल्यापेक्षा चढले की तिथे एक तांबडा दिवा लागे आणि उतरले की निळा. तो पाहून तिथला माणूस हाताने चाक फिरवून व्होल्टेज जाग्यावर आणी. म्हणजे पहिल्याच वर्षी कामाची वाटणी होऊन गेली. किती, याचे माप गिऱ्हाइकाच्या तळघरात आणि कशी, याचे माप कंपनीच्या घरात. आपल्याला मिळालेली वीज चांगली की वाईट हे सांगायला गिऱ्हाइकापाशी स्वतःच्या डोळ्यांखेरीज साक्षीदार नव्हता. ही वाटणी जवळजवळ शंभर वर्षे टिकली, आणि पुढची सगळी भांडणे तिच्यातूनच निघाली.

पुढे उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी वीज आली. ही वीज लाटेसारखी वरखाली होते. अमेरिकेत आज सेकंदाला ६० वेळा आणि आपल्याकडे ५० वेळा. म्हणजे व्होल्टेजबरोबर आणखी दोन गोष्टी बघणे आले, लाटेचा वेग आणि लाटेचा आकार.

आकाराची गोष्ट आधी उद्भवली. १८९३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे दूरवरून तारांमधून आणलेल्या विजेवर चालणारी मोटर विनाकारण तापू लागली. व्होल्टेज ठीक, भारही बेताचा, तरी मोटर तापते. हे कोडे सोडवण्याचे श्रेय चार्ल्स स्टाइनमेट्झ याला देतात. हा माणूस मुळात ब्रेस्लाऊचा, जन्म १८६५ चा. पाठीला कुबड, उंची जेमतेम चार फूट. विद्यार्थी असताना समाजवादी मंडळींत वावरल्यामुळे पोलीस मागे लागले, म्हणून देश सोडून १८८९ साली न्यूयॉर्कला उतरला. तिथे बंदरावर त्याला परत पाठवायचेच घाटत होते, पण सोबतचा मित्र शब्द घालायला होता म्हणून तो राहिला. अशा माणसाने पुढे विजेचे गणित सगळ्या जगाला शिकवले.

त्याने जे पाहिले ते समजायला आपल्याला तंबोरा पुरे. जोडीच्या तारा नीट जुळलेल्या असल्या की षड्जाच्या नादात पंचम ऐकू येतो आणि कान तयार असेल तर गंधारही ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो, तारेच्या मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट वेगाची कंपने तिच्यातच असतात. विजेच्या लाटेचेही तसेच आहे. मूळ लाटेच्या पटीत धावणाऱ्या लहान लाटा तिच्यात मिसळल्या की तिचा गोलावा जातो आणि ती वेडीवाकडी होते. या पोटलाटांना हार्मोनिक म्हणतात. कोणतीही अशी लाट साध्या लाटांच्या बेरजेत फोडता येते, हे फ्रान्सच्या फूरियेने १८२२ सालीच उष्णतेवरच्या ग्रंथात मांडले होते. हार्टफर्डला यंत्रातून निघालेल्या अशा एका पोटलाटेला लांब तारांनी नेमकी साथ दिली होती. झोपाळ्याला योग्य क्षणी टेकू दिला की तो चढत जातो तशी ती फुगली होती. तंबोऱ्यात जो गंधार कानाला गोड लागतो, त्याचा विजेतला भाऊबंद मोटरीत निव्वळ उष्णता होऊन बसतो.

त्या काळी लाटेचा आकार पाहणे म्हणजे मोठी खटपट होती. फिरत्या यंत्राच्या दांड्यावर एक संपर्क बसवायचा. तो प्रत्येक फेऱ्यात एकाच ठरावीक क्षणी जुळे, तेवढ्या क्षणाचे माप घ्यायचे. मग संपर्क थोडा सरकवून पुढचे माप घ्यायचे. असे ठिपक्या-ठिपक्याने चित्र काढायचे. ही रीत फ्रान्सच्या जूबेरची, १८८० ची. याच १८९३ मध्ये ब्लाँडेलने ऑसिलोग्राफची कल्पना मांडली आणि १८९७ मध्ये इंग्लंडच्या डडेलने तो चांगला चालवून दाखवला. आता लाट आपले चित्र आपणच काढू लागली. पण ही यंत्रे प्रयोगशाळेत राहिली. एखाद्या दुकानाच्या किंवा कचेरीच्या तळघरात त्यांना जागा नव्हती.

आता लाटेचा वेग. हेन्री वॉरन हे मॅसॅच्युसेट्समधल्या ॲशलंडचे गृहस्थ. त्यांनी भिंतीतल्या विजेवर चालणारे घड्याळ केले. त्याची मोटर विजेच्या लाटेच्या तालावर फिरे, त्यामुळे किल्ली द्यायला नको. घड्याळ झकास होते, पण दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटे चुके. वॉरननी तपासले तेव्हा घड्याळ बरोबर निघाले आणि बॉस्टनची वीज चुकीची निघाली. सेकंदाला ६० लाटा येतात असे कंपनी म्हणे, पण त्या तेवढ्या नसत. कंपनीला ते कळत नव्हते, कारण तिच्याकडची मापे तितकी बारकाईची नव्हती.

वॉरननी कंपनीशी हुज्जत घातली नाही. त्यांनी वीजघरासाठी एक घड्याळ बनवले. त्याच्या तबकडीवर दोन काटे होते. एक चांगल्या लंबकाच्या जोरावर चाले आणि दुसरा त्याच वीजघराच्या विजेवर. दोन्ही काटे बरोबर चालले तर वीज ठीक, विजेचा काटा मागे पडला तर यंत्रांचा वेग किंचित वाढवायचा. २३ ऑक्टोबर १९१६ रोजी बॉस्टनच्या एल स्ट्रीट वीजघरात हे घड्याळ बसले, आणि तिथून अमेरिकेतल्या एकेका वीज कंपनीने ते घेतले. मला या सगळ्या इतिहासात हे दोन काट्यांचे घड्याळ फार आवडते. कोणावर आरोप नाही, दंड नाही. जे व्हायला हवे आणि जे होत आहे ते एकाच तबकडीवर शेजारी शेजारी ठेवले, एवढेच. रोज दिसणारी चूक माणूस फार दिवस चालू देत नाही.

हा हिशेब अजूनही चुकतो. २०१८ च्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत युरोपभर स्वयंपाकघरातल्या भट्ट्यांवरची आणि गजराची विजेवरची घड्याळे मागे पडत पडत सहा मिनिटांपर्यंत मागे गेली. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातल्या भांडणात तेवढी वीज कोणी भरून काढली नव्हती आणि सगळ्या खंडाच्या विजेचा ताल किंचित मंदावला होता. दोन देशांचे राजकारण परक्या घरातल्या घड्याळात दिसले.

यानंतर बरीच वर्षे हा विषय अभियंत्यांपुरता राहिला. याचे कारण साधे आहे. बल्ब, पंखा, शेगडी, साधी मोटर ही सगळी सोशिक मंडळी. पाव सेकंद व्होल्टेज पडले तर दिवा किंचित मिचकतो आणि पुन्हा लागतो. कोणी तक्रार करत नाही. तरी मधूनमधून खुणा दिसत होत्या. जनरल इलेक्ट्रिकच्या विजेवरच्या घड्याळांच्या मोटरी जळून परत येत. त्यांचे आवरण २,००० व्होल्ट सोसत होते, ते ६,००० व्होल्ट सोसेल असे केले तेव्हा जळण्याचे प्रमाण आधीच्या शंभराव्या हिश्श्यावर आले. म्हणजे १२० व्होल्टच्या घरगुती तारांमधून क्षणभर हजारो व्होल्टच्या उसळ्या येऊन जात होत्या आणि मीटरला त्याचा पत्ता नव्हता. त्याच कंपनीतले फ्रान्स्वा मार्ट्झलॉफ यांनी हान या सहकाऱ्याबरोबर १९७० साली घरांतल्या आणि कारखान्यांतल्या अशा उसळ्यांवर निबंध प्रसिद्ध केला. हे मार्ट्झलॉफ पुन्हा भेटणार आहेत.

सोशिक मंडळींचे राज्य संपले ते संगणक आल्यावर. संगणकाला वीज अन्नासारखी लागतेच, शिवाय त्याची सगळी मोजदाद विजेच्याच सूक्ष्म चढउतारांवर चालते. दिवा मिचकण्याइतक्या वेळात त्याची स्मृती पुसली जाते. बँका, विमा कंपन्या, विमानांची तिकिटे देणाऱ्या कचेऱ्या यांनी लाखो डॉलरची यंत्रे घेतली आणि ती अधूनमधून कारणाशिवाय बंद पडू लागली. संगणकवाला म्हणे वीज वाईट. वीजवाला म्हणे आमच्याकडे सगळे ठीक, तुमचे यंत्र नाजूक. दोघांचेही म्हणणे खोटे पाडायला पुरावा नव्हता. तेव्हा कुठे गिऱ्हाइकाच्या बाजूला साक्षीदार बसवायची कल्पना जोर धरू लागली. ड्रॅनेट्झसारख्या कंपन्यांनी सत्तरच्या दशकात अशी यंत्रे काढली. भिंतीच्या पिनेला लावून ठेवा, काही वेडेवाकडे झाले की कागदाच्या पट्टीवर वेळ आणि आकडा छापला जाई.

आता खरी गंमत ऐका. १९७४ मध्ये आयबीएमच्या ॲलन आणि सेगॉल या दोघांनी संगणक बसवलेल्या जागांच्या विजेची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या मते शंभर गडबडींपैकी ८८ हून अधिक या क्षणिक उसळ्या आणि थरथरी होत्या. व्होल्टेज कमी-जास्त होण्याच्या फक्त ११ आणि वीज साफ जाण्याचे प्रमाण अर्धा टक्का. पुढे बेल टेलिफोनच्या गोल्डस्टीन आणि स्पेरान्झा यांनी १९७७ ते १९७९ या काळात २४ ठिकाणी पाहणी केली आणि १९८२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या मते ८७ टक्के गडबडी व्होल्टेज क्षणभर पडण्याच्या आणि उसळ्या अवघ्या सात-साडेसात टक्के! देश एकच, मध्ये काही वर्षांचे अंतर, आणि उत्तरे अगदी उलट. ज्यांना उसळी थोपवणारे यंत्र विकायचे होते ते पहिल्या पाहणीचा दाखला देत. ज्यांना बॅटरीचा आधार देणारे यूपीएस विकायचे होते ते दुसरीचा.

दोन्ही पाहण्या प्रामाणिक होत्या. १९८८ मध्ये मार्ट्झलॉफ आणि टॉमस ग्रुझ यांनी अशा अनेक पाहण्या शेजारी ठेवून एक निबंध लिहिला आणि मथळ्यातच तथ्य, कल्पित आणि भ्रम असे शब्द घातले. त्यांनी दाखवले की प्रत्येकाने गडबड कशाला म्हणायचे याची रेघ निराळी आखली होती. यंत्र किती व्होल्टच्या वरची उसळी टिपणार आणि किती खाली पडले तर नोंद करणार, हे आधी माणूस ठरवतो. शिवाय यंत्र इमारतीत कुठे बसवले यावरही बरेच अवलंबून. बारीक भोकांचे जाळे टाकले तर मांदेली येतात, मोठ्या भोकांचे टाकले तर सुरमई येते. त्यावरून समुद्रात दुसरे मासेच नाहीत असे म्हणता येत नाही.

इतिहासाच्या शिक्षकाला हे वाचून घरी आल्यासारखे वाटते. बखर वाचली तर लढाया दिसतात. पेशवे दफ्तरातला जमाखर्च वाचला तर धान्य, वैरण आणि थकलेले पगार दिसतात. दोन्ही कागद खरे आहेत. बखरकाराला पराक्रम टिपायला सांगितले होते आणि कारकुनाला पैसा. साक्षीदाराचा शब्द घेण्याआधी त्याला काय बघायला बसवले होते ते विचारावे, हे मी वर्गात सांगत असे. विजेच्या यंत्रालाही तोच नियम लागू पडेल असे कधी मनात आले नव्हते.

साक्षीदारच नसला तर काय होते, ते मात्र मी जवळून पाहिले आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत संगणक आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे नोंदी करायला होती. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारच्या वेळी संगणक बंद पडे आणि सकाळपासून भरलेल्या नोंदी जात. संगणक पुरवणारा म्हणाला, वीज खराब. विजेच्या कचेरीतला माणूस आला, व्होल्टेज बघून ठीक आहे म्हणाला आणि गेला. वायरमनने बटणे उघडून पाहिली आणि मुलगी काहीतरी चुकीचे दाबत असणार असे सांगितले. तिघांनीही आपापल्या परीने खरेच सांगितले असेल. पण तिसरे उत्तर ऐकायला सर्वांत स्वस्त होते, म्हणून संचालकांनी ते उचलले. तिला आधी बोलणी खावी लागली आणि मग काम सोडावे लागले. तिच्या जागी दुसरा आला तरी संगणक बंद पडतच होता, पण तोवर तिचे नाव झाले ते झालेच. दोष कशात होता हे आजतागायत कोणाला कळलेले नाही, कारण कोणी मोजलेच नाही. जिथे नोंद नसते तिथे दोष उतरंडीने खाली घरंगळत जातो आणि ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याच्यापाशी थांबतो.

पुन्हा मूळ गोष्टीकडे येतो. ऐंशीच्या दशकात टेबलाटेबलावर छोटे संगणक आले आणि कथेला आणखी एक कलाटणी मिळाली. हे संगणक विजेची लाट सगळीच्या सगळी घेत नाहीत, तिच्या शेंड्यापाशी चटकन घोट मारतात आणि मग थांबतात. एका यंत्राने काही बिघडत नाही. शेकडो यंत्रे असे घोट घेऊ लागली की इमारतीच्या तारांमध्ये तीच ती पोटलाट, विशेषतः तिप्पट वेगाची, साठू लागते. मोठ्या इमारतीला तीन फेजची वीज येते. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर परतीच्या, न्यूट्रलच्या तारेत त्यांची वजाबाकी होऊन जवळजवळ काही उरत नाही, असे जुने गणित होते. म्हणून ही तार बेताच्याच जाडीची घालत. पण तिप्पट वेगाच्या पोटलाटांची वजाबाकी होत नाही, त्यांची बेरीज होते. गणिताने न्यूट्रलमधला प्रवाह फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो. ज्या तारेकडे कोणी पाहतही नव्हते तीच तापू लागली. ग्रुझ यांनी १९९० मध्ये संगणक असलेल्या १४६ जागांची पाहणी मांडली. त्यांतल्या पाचांत एकाहून अधिक ठिकाणी न्यूट्रलचा प्रवाह फेजपेक्षा जास्त निघाला.

यात दोन धडे होते. पहिला असा की, गुन्हेगार आता बाहेर नव्हता. वीज कंपनीने चांगली लाट पाठवली तरी गिऱ्हाईकच ती आपल्या घरात बिघडवत होता आणि कधीकधी शेजाऱ्याकडेही पोचवत होता. दुसरा धडा मोजमापाचा. इलेक्ट्रिशियनच्या हातातले साधे मीटर लाट गोल आहे असे धरून आकडा दाखवत. लाट वेडीवाकडी झाली की ते प्रवाह खूपच कमी दाखवत, कधीकधी तीस-चाळीस टक्क्यांनी कमी. ब्रेकर पडतो आहे, तार तापते आहे आणि मीटर म्हणतो सगळे ठीक! खरे माप दाखवणारे, ज्यांना ट्रू आरएमएस म्हणतात, ते मीटर आल्यावर ही फसवणूक थांबली. साक्षीदार खोटे बोलत नव्हता. जगच बदलले होते आणि तो जुन्या समजुतीवर साक्ष देत होता.

मग नियम करावे लागले, आणि ते दोन्ही बाजूंना बांधणारे असावे लागले. संगणक बनवणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेने सत्तरच्या दशकात एक वक्ररेषा काढून व्होल्टेज किती वेळ किती पडले तरी यंत्राने सोसले पाहिजे हे मांडले होते. २००० च्या तिच्या नव्या रूपात, वीज वीस मिलिसेकंद पूर्ण नाहीशी झाली तरी यंत्र चालू राहिले पाहिजे असे आहे. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याची जबाबदारी ठरली. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८१ मध्ये पोटलाटांबद्दलचे ५१९ क्रमांकाचे मार्गदर्शन काढले. १९९२ च्या आवृत्तीत वीज कंपनीने व्होल्टेज किती स्वच्छ ठेवायचे आणि गिऱ्हाइकाने प्रवाह किती स्वच्छ घ्यायचा, असे दोघांचे वाटे स्पष्ट केले. जून १९९३ ते सप्टेंबर १९९५ या काळात अमेरिकेतल्या २४ वीज कंपन्यांच्या जाळ्यावर २७७ ठिकाणी एकाच पद्धतीने यंत्रे बसवून मोठी पाहणी झाली. आणि २००३ मध्ये, मोजायचे कसे याचाच आंतरराष्ट्रीय नियम आला. दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच तारेवर लावली तर त्यांनी एकच उत्तर दिले पाहिजे, एवढे साधे त्याचे म्हणणे. एवढ्या साध्या गोष्टीला पर्ल स्ट्रीटपासून १२१ वर्षे लागली.

आपल्याकडचे चित्र काय होते? १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती व्होल्टेज ६ टक्क्यांहून आणि वारंवारता ३ टक्क्यांहून जास्त ढळू नये, असे लिहिलेले होते. कागदावर उत्तमच. पण ५० च्या जागी ४८.५ हेही नियमात बसते. वॉरनचे घड्याळ अशा विजेवर दिवसभर चालवले तर ते रात्री ४३ मिनिटे मागे असेल. प्रत्यक्षात तर ताल त्याच्याही खाली घसरे आणि रात्री भार उतरला की ५१ च्या वर जाई. व्होल्टेजचे काय होते ते सांगायलाच नको. संध्याकाळी ट्यूबलाइट लागण्यासाठी स्टार्टर फिरवत बसणारी आणि टीव्हीच्या शेजारी स्टॅबिलायझरचा डबा ठेवणारी पिढी हे वाचते आहे. त्या डब्याचा काटा हेच आपले विजेची प्रत मोजायचे एकमेव साधन होते.

इथेही बदल घडवला तो नोंदीनेच. १ जुलै २००२ पासून आधी पश्चिम विभागात, म्हणजे आपल्या महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशाकडे, आणि मग इतर विभागांत नवी दरपद्धत आली. राज्यांनी ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त वीज ओढली याची नोंद दर पंधरा मिनिटांनी होऊ लागली आणि त्या वेळी ताल किती घसरला होता त्यावर तिचा भाव ठरू लागला. आधी विनंत्या, पत्रे, बैठका यांनी जे झाले नव्हते ते पंधरा मिनिटांच्या मीटरने केले. देशाच्या विजेचा ताल सुधारला. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेत आणि पूर्वेत जाळे कोसळले हेही खरे, पण त्याच ताल सांभाळण्याच्या शिस्तीवर ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या तारेने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाला जोडले गेले. सोलापूरचे नाव चादरींसाठी आपण घेतो, या जोडणीसाठीही घ्यायला हरकत नाही. आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने पुरवठ्याचे जे विनियम केले त्यांच्या नावातच विजेची गुणवत्ता हा शब्द आला. किती, याच्या शेजारी कशी, हा प्रश्न निदान कायद्याच्या मथळ्यापर्यंत पोचला.

पुतण्याला मी विचारले, एवढे महागडे यंत्र आहे तर तुझे काम ते सोपे करत असेल. तो म्हणाला, "काका, यंत्र लावण्याआधी मी तिथल्या माणसांना शंभर पानी वही देतो. लिफ्ट अडकली, दिवे मिचकले, संगणक बंद पडला, की वेळ लिहून ठेवा म्हणून सांगतो. आणि त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ माझ्या यंत्राच्या घड्याळाशी आधी जुळवून घेतो." आठवड्याने तो वही आणि यंत्राची नोंद शेजारी ठेवतो. वहीत ३ वाजून १० मिनिटांनी संगणक बंद पडला असेल आणि यंत्रावर त्याच मिनिटाला बाहेरून व्होल्टेज पडले असेल, तर दोष वीज पुरवणाऱ्याचा. त्याच मिनिटाला इमारतीतला एसी सुरू झाला असेल तर दोष घरातला. यंत्रावर काहीच नसेल तर संगणक उघडून पाहायचा. मगच बटण दाबणाऱ्या माणसाकडे बघायचे. आमच्या पतसंस्थेत हाच क्रम नेमका उलटा झाला होता.

विजेचे बिल हातात आले की आता मी आकड्याबरोबर एवढेही मनात आणतो की हे फक्त लिटर आहेत. फॅट कोणी मोजले का, हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. ऑफिसात, दवाखान्यात, सोसायटीच्या लिफ्टपाशी काही वारंवार बिघडत असेल तर कोणावर बोट ठेवण्याआधी वही उघडावी आणि वेळ लिहावी. यंत्र पुढे लागलेच तर लावता येईल.